चौसष्ट वेळा ‘हव’

लग्नाला गेले, की आमच्या शेजारचे मेश्रामकाका पत्रिका घेऊन मंडपाच्या दारातच थांबतात. पत्रिकेतली नावं मोठ्यानं वाचतात आणि जवळ उभ्या माणसाला ती कमानीवरच्या नावांशी जुळवायला लावतात. “नवरदेव तोच हाय ना?” समोरच्यानं “हव” म्हटल्याशिवाय काका जेवायला आत जात नाहीत.

रेल्वेच्या यार्डात त्यांनी जन्मभर मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपले. एकानं पुकारायचं, दुसऱ्यानं कागदाशी जुळवून “हव” म्हणायचं. काका रिटायर झाले, पुकारणं रिटायर झालं नाही. औषधाचा बॅच नंबर बिलाशी, दुधाच्या पिशवीची तारीख पेपरशी. काकी गेल्यापासून ते आमच्या ओट्यावर येऊन पुकारतात.

आमच्या घरात कॉलेजची डिग्री पहिल्यांदा मी आणली, अन् हे सांगायला मी लाजत नाही. त्या रविवारी मात्र घाबरले होते. समता कॉलोनीतल्या एका ऑफिसानं सांगितलं होतं, उद्या स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवा, मग नोकरीचं बोलू. लॅपटॉप एकच, बाबांनी उरला भागातल्या मिलमध्ये डबल ड्यूटी करून घेतलेला. सर्चमध्ये सगळ्यात वर जे दिसलं, तिथून मी सॉफ्टवेअरची फाइल उतरवली. आता उघडणारच होते.

“काय करून राहिली वं?”

“काका, कंप्युटरच्या आत दुसरा कंप्युटर चालवायचा आहे.”

“डब्याच्या आत अख्खी मालगाडी? बरं. निघाली कुठून?”

“इंटरनेटवरून.”

“तो रस्ता झाला. स्टेशन कोणतं?”

मी पत्ता नीट पाहिला. सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाला भलतीच शेपटी जोडलेली. कॉलेजच्या वहीत खरा पत्ता होता, तो टाकला. तिथं फाइलसोबत चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक ओळ दिली होती. आपण उतरवलेली फाइल अस्सल असेल, तर आपल्या कंप्युटरवर तिच्यातूनही तीच ओळ निघते.

“म्हंजे डब्याचं सील!” काका सावरून बसले. चष्मा पुसला, खऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “तुह्या फाइलची ओळ काढ अन् पुकार.”

“तीन.”

“हव.”

“एफ.”

“हव.”

“नऊ.”

“थांबव गाडी! इथं शून्य हाय.”

पुढचंही काही जुळेना. ती फाइल न उघडताच पुसून टाकली. खऱ्या साइटवरून दुसरी उतरवली, पुन्हा पहिल्यापासून पुकारलं. चौसष्टाव्या “हव”ला माझा जीव भांड्यात पडला.

नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात कळलं, की दोन ओळी जुळतात का हे कंप्युटरच एका कमांडमध्ये सांगतो. मी मोठ्या हुशारीनं काकांना सांगायला गेले.

“मले माहीत हाय,” ते म्हणाले. “यार्डातही शेवटी शेवटी मशीनच जुळवे.” मग हातातली दुधाची पिशवी उलटीपालटी करत राहिले. “तुही काकी मात्र गॅस बंद करून ‘हव’ म्हनायले बाहेर येत होती.”

मी ओट्यावर बसले. पेपर उचलला, तारीख शोधली.

“पुकारा, काका.”