नवाबाची हजामत

त्या रविवारी मृण्मयी अहमदपूरला आली ती पूर्ण तयारीनिशी. नांदेडच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. वाचल्याशिवाय कुठल्या विषयावर बोलायचं नाही, ही जुनी खोड. लांब केसांच्या कुत्र्यांवर तिने तब्बल दोन पुस्तकं वाचली होती.

"बाबा, तीन पर्याय आहेत. रोज ब्रश. नाहीतर महिन्याला नांदेडच्या पार्लरमध्ये अंघोळ. नाहीतर उन्हाळ्यापुरते केस बारीक."

निवृत्त मास्तर दत्तोपंत ओसरीवर नवाबाला विंचरत होते. नवाब म्हणजे पांढऱ्या केसांचा ढीग. शेपूट हलली की समजायचं, तोंड दुसऱ्या बाजूला आहे.

"याच्या केसाला कात्री लागायची न्हाई. तू थांबतीस का आज?"

"पेपर तपासायचे आहेत, बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले आणि फणी चालवत राहिले.

ती चारच्या एसटीने गेली. सोमवारी सकाळी चहा पिऊन दत्तोपंत जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

घर पाहुण्यांनी भरलं. मृण्मयीला एकाच गोष्टीचा ध्यास लागला: नवाबाचे केस. बाबांच्या हातचं काम तेवढंच मागे उरलं होतं, ते बिघडता कामा नये! तिने वाटीभर खोबरेल चोळलं. चमचाभर पुरतं, हे दोन्ही पुस्तकांत नव्हतं. तेलाने थबथबलेला नवाब अंगणातल्या मातीत मनसोक्त लोळला. नवव्या दिवशी त्याच्या अंगावर दोरखंडासारख्या गाठी लोंबत होत्या.

शेजारच्या तारामतीकाकूंनी बघितलं आणि लगबगीने हळदकुंकू आणलं.

"जट हाय माय ही. देवीची. कात्री लावू नको."

"काकू, कुत्रं आहे ते."

"मग? देवीला दिसत न्हाई का कोण हाय ते?"

दुपारपर्यंत गल्लीतल्या तिघीजणी नवाबाला हळदकुंकू वाहून गेल्या. नवाबाने खोबऱ्याचा नैवेद्य जागच्या जागी ग्रहण केला, त्यामुळे श्रद्धा आणखी वाढली.

दहाव्याला भाऊबंदांच्या क्षौरासाठी ग्यानोबा आला. दर रविवारी मास्तरांची दाढी करायला यायचा तो, नवाब त्याच्या ओळखीचा. मृण्मयीने त्याला बाजूला घेतलं.

"ग्यानोबाकाका, फक्त गाठी काढा. बाकी एक केस नको."

"हाव ताई."

तेवढ्यात आतून हाक आली. ती अर्ध्या तासाने परतली, तर ओळीत बसलेल्या तुळतुळीत डोक्यांच्या शेवटी एक गुलाबी, अनोळखी प्राणी बसला होता. सोललेल्या कणसासारखा! शेपटीच्या टोकाला तेवढा झुबका.

"हे काय केलं काका?"

"दहाव्याला वस्तरा लावला की मधी सोडता येत न्हाई, ताई. अर्धं क्षौर लई वाईट." मग झुबक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शेंडी ठेवलीय की."

चुलतभाऊ सिद्धेश्वरने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला, नवाबाकडे पाहिलं आणि फसकन हसला. दहा दिवसांत त्या घरात कुणी पहिल्यांदा हसलं. तारामतीकाकू देवीची क्षमा मागता मागता पदर तोंडाला लावून हलत होत्या. मृण्मयीलाही हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं.

ग्यानोबा सामान आवरत होता.

"राग धरू नका ताई. केस येतेत परत. मास्तर विंचरताना दर टायमाला सांगायचे बघा, माझ्या लेकीनं सोबतीला आणून दिलंय, लई काळजी तिला."

मृण्मयी ओसरीवर बसली. नवाब आला आणि सवयीने तिच्याकडे पाठ करून बसला. विंचरायला काहीच नव्हतं. तिने त्या उघड्या, उबदार पाठीवर हात ठेवला.

"बाबा," सगळ्यांदेखत ती म्हणाली, "सोबतीला नव्हता आणला. दर रविवारी मला यायला लागू नये, म्हणून आणला होता."