लोकर जाते कुठे

जावयाच्या स्वेटरची पाठ विणून झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, आणि वनमालाबाईंच्या लक्षात आलं की दुसऱ्या बाहीला लोकर पुरत नाही. उरलेली लोकर जेमतेम कोपरापर्यंत गेली असती. अशा वेळी 'आपला हिशेब चुकला' म्हणणारी माणसं जगात असतात. वनमालाबाई त्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि घरात कोण कोण येऊन गेलं ते आठवायला घेतलं.

नमुना मुलुंडच्या विहीणबाईंनी, म्हणजे मृणालिनीबाईंनी दिला होता. त्यांच्या आईच्या वेळच्या मासिकातलं पिवळं पडलेलं पान. त्यात 'लोकर बारा औंस' एवढंच लिहिलेलं, आणि जी लोकर सांगितली होती ती दुकानांतून केव्हाच नाहीशी झालेली. ती जाड होती की बारीक, सांगणारं कोणी उरलं नव्हतं. "लोकरीचा अंदाज जमेल ना तुम्हाला? नाहीतर देवेशला मीच विणते," असं विहीणबाई म्हणाल्या होत्या, तेही चारचौघांत. देवेशची शिलाँगला बदली झालेली. तो निघायच्या आत स्वेटर झाला नाही, तर बोरीवलीची अब्रू जाणार होती.

म्हणून वनमालाबाईंनी कामाला शास्त्रशुद्ध सुरुवात केली होती. एका निवांत दुपारी मोरपंखी लोकरीचा तळहाताएवढा चौकोन विणला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, असे किती चौकोन स्वेटरात बसतील ते काढलं, आणि वर एक गुंडा जास्तीचा घेतला. "सगळी एकदम न्या," दुकानदार म्हणाला होता. "हा लॉट संपला की पुढच्याचा रंग जुळत नाही." आता तो लॉट संपला होता. म्हणजे एक बाही मोरपंखी आणि दुसरी साधारण मोरपंखी. मृणालिनीबाईंना ते चष्मा न लावताही दिसलं असतं.

पाठ होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मुलुंडहून फोन आला. "जुने नमुने लोकर खातात हो. आणि घरात कोणाची ये-जा असेल तर गुंडे मोजून ठेवा. आमच्याकडचा अनुभव आहे." वनमालाबाईंनी फोन ठेवला आणि समोर पाहिलं. सोफ्यावर शेजारच्या द्रौपदीबाई रोजच्यासारख्या चहाला आल्या होत्या आणि क्रोशाने तोरण विणत होत्या. तोरणात मोर होता, आणि मोराचा रंग मोरपंखी होता.

"ही लोकर कुठली गं?"

"नातवाची जुनी टोपी उसवलंय," द्रौपदीबाई म्हणाल्या. "कित्याक गो?"

"काही नाही, सहज."

त्या दिवसापासून लोकर पापडाच्या डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली कमरेला. वनमालाबाई विणायच्या तेव्हा एक डोळा द्रौपदीबाईंवर असायचा आणि दुसरा नवऱ्यावर. सुयांकडे बघायला तिसरा डोळा त्यांना नव्हता. आणि एवढा बंदोबस्त करूनही आता लोकर कमी पडत होती.

चौकशी घरापासून सुरू झाली.

"अहो, बाल्कनीतला वेल कशाने बांधलाय?"

"सुतळीने," जयवंतराव पेपरमागून म्हणाले.

"हिरवी दिसते."

"वेल हिरवा आहे गं."

वनमालाबाईंनी बाल्कनीत जाऊन खात्री करून घेतली. सुतळीच होती. मग उरली द्रौपदी. दुपारी ती आल्यावर वनमालाबाईंनी चहाच्या आधी काटा आणला. "तोरण दे जरा. तोलून बघते."

द्रौपदीबाईंनी तोरण स्वतःच काट्यावर ठेवलं, आकडा बघू दिला, आणि घडी करून पिशवीत टाकलं. "तुजी लोकर तुका लखलाभ. माका परत चायेक बोलवू नको," त्या म्हणाल्या आणि गेल्या. वनमालाबाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी दुपारचा चहा एकटीने घेतला नव्हता. पण लगेच मनात आलं, चोरी केली नसती तर एवढा राग कशाला?

रविवारी मुलगी आली. मानसीने सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "आई, विणलेलं, उरलेलं, सगळं काट्यावर ठेव."

ठेवलं. आणली होती तेवढी लोकर भरली. एक धागा इकडचा तिकडे झाला नव्हता.

"काटा बिघडलाय," वनमालाबाई म्हणाल्या.

साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवून पाहिलं. काटा ठीक होता. मग मानसीने पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळे तोलले. पुढच्या भागाला गळा कापलेला, तरी तोच जड. पाठ हातात मऊ लोळत होती. पुढचा भाग टेबलावर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला.

"पुढे टाके जास्त का आहेत, आई?"

"रुंदी भरत नव्हती. म्हणून उसवून पुन्हा वाढवून घातले."

"हे विणताना लक्ष कुठे होतं तुझं?"

"द्रौपदीवर."

"आणि माझ्यावर," जयवंतराव म्हणाले.

"वाट लागली," मानसी म्हणाली. "अगं, दात-ओठ खात विणलंयस तू. घट्ट विणलं की तेवढ्याच मापाला टाके जास्त, ओळी जास्त, लोकर जास्त. कोणी नेली नाही, तुझ्या संशयानेच खाल्ली."

वनमालाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी दोन कप चहा केला आणि समोरचं दार वाजवलं. "द्रौपदी, चुकलं माझं."

द्रौपदीबाईंनी कपाकडे पाहिलं. "साय धरली चायेर. आत ये, परत करतंय."

मानसीने नवा हिशेब मांडला. झालेली बाही उसवायची आणि दोन्ही बाह्या पाठीसारख्या सैल हाताने विणायच्या. लोकर जेमतेम पुरेल. फक्त आईचं डोकं शांत राहिलं पाहिजे. तिने वडिलांना आणि द्रौपदीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, स्वेटर होईपर्यंत आईला कशाचाही त्रास नको. मुलुंडचा फोन तर अजिबात द्यायचा नाही.

पहिली बाही लोण्यासारखी उतरली. दुसरीही मनगटाकडून कोपरापर्यंत आली. तेवढ्यात जयवंतरावांनी स्वतः चहा करून आणला, पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्यासारखं विणणारं बोरीवलीत कोणी नाही."

वनमालाबाईंच्या सुया थांबल्या. "चहा तुम्ही केलात?"

"हो."

"सकाळी भाजीही आणलीत. न सांगता. निवडूनसुद्धा ठेवलीत."

"म्हटलं, तुला मदत."

"द्रौपदी रविवारपासून माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतेय. मानसी रोज फोन करून विचारते, आई, बरी आहेस ना?" त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काय लपवताय माझ्यापासून?"

"काही नाही गं."

"बरं," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी धाग्याला एक हिसका दिला, आणि पुढचा टाका सुईवर इतका घट्ट बसला की त्यात दुसरी सुई शिरेना.