मास्तरांचे हरवलेले दोन इंच

रविवारी सकाळी चहाच्या आधी मास्तरांनी शर्ट वर केला, टेप कमरेभोवती फिरवला आणि आकडा वाचून ते मटकन पलंगावर बसले. छत्तीस. गेल्या रविवारी साडेछत्तीस होती, त्याआधी सदतीस, आणि महिन्यापूर्वी चांगली भरदार अडतीस.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. वय सदुसष्ट. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार. तीन महिन्यांपूर्वी त्यांना शुगर निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून देता देता सांगितलं होतं, "वजनावर लक्ष ठेवा. या वयात शुगर नव्याने निघाली आणि काही न करता वजन भराभर उतरायला लागलं, तर क्वचित कधी स्वादुपिंडात गाठ असू शकते. तसं वाटलं तर लगेच या." या एवढ्या बोलण्यातलं 'क्वचित' मास्तरांनी दवाखान्यातच सोडलं आणि 'गाठ' घेऊन घरी आले.

वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काट्यावर माणूस खिशातल्या किल्ल्यांसकट उभा राहतो, टेप फक्त माणसाला मोजतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर रविवारी टेप. तोही चाळीस वर्षांचा, हातात मुरलेला. बायकोवर शंका घेतली असती त्यांनी, टेपवर नाही.

महिन्यात दोन इंच म्हणजे काय, याचा त्यांनी खडूने पाटीवर हिशेब मांडला. या वेगाने पावणेदोन महिन्यांत कंबर साडेबत्तीस होणार होती, आणि त्यापुढे एक दिवस टेपला गुंडाळायला काही उरणारच नव्हतं. मास्तरांचं धाबं दणाणलं. पण बायकोला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिची स्वतःची शुगर अठरा वर्षांची. तिला कशाला घोर?

मात्र जायचंच असेल तर अंगावर नीट बसलेल्या कपड्यांत जायचं, हा कारागिराचा हट्ट होता. त्यांनी आपली चांगली राखाडी पँट काढली, मागची शिलाई उसवली आणि दोन इंच आत घेतली. घालून बघितली नाही. ज्याला ट्रायल लागते त्याने मापच घेतलेलं नसतं, हे त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. खरं तर पँट आधी कुठेच ढिली होत नव्हती, पण ते पट्ट्यामुळे असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी ती पँट चढवली, तर हूक आणि काज यांची काही केल्या गाठ पडेना. मास्तर आरशासमोर श्वास कोंडून उभे राहिले. टेप म्हणतोय उतरलात, पँट म्हणतेय सुटलात. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरून आपण उतरतोय आणि आतून फुगतोय. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

उतरणं थांबवायला ते दोन्ही वेळा जास्तीचं वाढून घेऊ लागले. दुकानात हात चालेना. समोरच्या वाचनालयातले ग्रंथपाल निवृत्त होणार होते. निरोप समारंभासाठी त्यांनी नव्या पँटचं कापड दिलं होतं, माप वहीत लिहून पंधरा दिवस झाले होते. कापड तसंच घडीत पडून होतं. आणि बायकोशी तर मास्तर इतकं गोड वागू लागले, की ती हबकलीच.

"बिनसाखरेचा चहासुद्धा तुझ्या हातचा बरा लागतो," ते म्हणाले.

बायकोने कप खाली ठेवला. "विजेचं बिल कुठे भरायचं ते काल शिकवलंत. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. आज चहाचं कौतुक. अहो, खरं सांगा, तुमचं कुणाशी काही चाललंय का?"

"अगं, काय बोलतेस. सदुसष्टाव्या वर्षी?"

"मग काय आहे ते सांगा."

मास्तरांनी सांगितलं. टेप, छत्तीस, स्वादुपिंड, सगळं. बायको उठली, तिने त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरचा एक सुटा दोरा काढला आणि म्हणाली, "उद्या सकाळी पहिला नंबर आपला." तो दोरा तिने बोटाभोवती गच्च गुंडाळला. मास्तरांना तेव्हा जेवढी भीती वाटली, तेवढी टेपनेही कधी घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चांगलं दिसावं म्हणून मास्तर तीच राखाडी पँट कशीबशी आवळून, वरून शर्ट सोडून बायकोबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा." मास्तर बसले. पँटचा हूक तुटून टेबलावरून घरंगळला आणि बाईंच्या पेनस्टँडपाशी जाऊन थांबला.

"फार उतरलोय हो मी," मास्तर दोन्ही हातांनी पँट धरून म्हणाले.

बाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं. "दोन किलो वाढलंय तुमचं."

"काटा बिघडलेला असेल."

"शुगरही वाढलीय. जेवण किती घेताय?" मग बाईंनी खणातून आपला टेप काढून त्यांची कंबर मोजली. "साडेअडतीस."

"टेप तुमचा चुकीचा आहे," मास्तर दुखावून म्हणाले आणि खिशातून स्वतःचा काढला. अस्त्र काढावं तसा.

दोन्ही टेप तपासणीच्या पलंगावर शेजारी शेजारी पसरले. बाईंच्या टेपचे अडतीस जिथे संपत होते, तिथे मास्तरांच्या टेपवर छत्तीस लिहिलं होतं. मास्तर वाकून बघत राहिले. चाळीस वर्षांचा विश्वासू गडी दोन इंच लांब झाला होता. त्याच टेपने माप घ्यायचं आणि त्यानेच कापड कापायचं, त्यामुळे गिऱ्हाइकांचे कपडे बरोबर बसत होते आणि चोरी कुणाला कळली नव्हती.

"असा कसा ताणला हा?"

बायको जमिनीकडे बघत होती. "स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तुटलीय," ती म्हणाली. "दोन महिने सांगतेय तुम्हाला. दुपारी वाऱ्याने धाडधाड वाजते, तुमची झोप मोडते. म्हणून तुम्ही झोपलात की मी ती टेपने बांधून ठेवते. चहाच्या आधी परत खिळ्याला."

डॉक्टरीणबाई हसू दाबायला खिडकीशी गेल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला, पण राग कुणावर काढायचा हेच त्यांना समजेना.

"तरी तुमची सोनोग्राफी करून टाकू, मनात शंका नको," बाई परत येऊन म्हणाल्या. मग त्या बायकोकडे वळल्या. "आणि तुमची शुगर अठरा वर्षांची ना? आतड्याची तपासणी कधी केली होती?"

"मला काय झालंय?"

"काही झाल्यावर करायची नसते ती. शुगर असलेल्यांना काही कॅन्सर इतरांपेक्षा थोडे जास्त होतात, आतड्याचाही. थोडेच. पण म्हणून वेळच्या वेळी बघायचं."

"मला वेळ कुठे आहे," बायको म्हणाली.

"खिडक्या बांधायला आहे ना," मास्तर म्हणाले. "दोन इंच ओढलंस मला. आता चल मुकाट्याने. तू नाही, तर मीही नाही."

मास्तरांचा रिपोर्ट स्वच्छ आला. बायकोच्या आतड्यात मांसाचा एक लहानसा कोंब सापडला, वाटाण्याएवढा. दुर्बीण आत असतानाच तो काढून टाकला. तपासणीत निरुपद्रवी निघाला. "आज तो धोक्याचा नव्हता," बाई म्हणाल्या, "पण आणखी दहा वर्षं तसाच राहिला असता, तर मी असं छातीठोक सांगू शकले नसते."

दवाखान्याच्या बाकावर मास्तर हसले, मग रडले, मग रुमाल शोधू लागले. आनंद एवढा झाला होता, की समोरच्या अनोळखी माणसाची पँट कमरेत झोळ मारतेय हेही त्यांनी त्याला सांगितलं नाही.

"म्हणजे खिडकी बांधली ते बरंच केलं ना मी?" बायकोने विचारलं.

"बरंच केलंस," मास्तर म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी आधी खिडकीला नवी कडी बसवली. जुना टेप घडी करून कपाटात ठेवला आणि बाजारातून कोरा करकरीत टेप आणला. मग उत्साहाच्या भरात वही उघडून ग्रंथपालांची पँट एका दिवसात शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल पँट घालून पडद्यामागून बाहेर आले, ते पोट आत ओढून. हुकाला काज दिसत होतं, पण भेट होत नव्हती.

"मास्तर, माप दिल्यापासून एवढा सुटलो मी?"

मास्तरांनी वही बघितली. माप जुन्या टेपचं होतं, कापड नव्या टेपने कापलं होतं. कान लाल झाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची पँट गिऱ्हाइकाला बसली नव्हती. ते कबूल करायला तोंड उघडणार, तोच मागच्या खोलीतून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं.

"पँट संध्याकाळपर्यंत सैल करून देतो, ती चूक माझी," मास्तर म्हणाले. "पण मला सांगा, वय किती तुमचं?"

"साठ."

"शुगर कधी तपासली होती?"

"मला काय झालंय?"

मास्तरांनी नवा टेप गळ्यात अडकवला आणि ग्रंथपालांना बसायला स्टूल पुढे केलं.

"काही झाल्यावर तपासायची नसते ती," ते म्हणाले. "उद्या सकाळी पहिला नंबर लावा. आणि एकटे जाऊ नका, वहिनींनाही तपासायला न्या."