सूनबाईंच्या आवाजास तीन तारे

ऐकणे हे बोलण्यापेक्षा जबाबदारीचे काम आहे. बोलणारा बोलून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला मत द्यावे लागते.

श्रीगोंदा तालुक्यात ही जबाबदारी बिभीषणराव एकटे पार पाडत होते. साखर कारखान्याच्या सभांची इतिवृत्ते लिहिण्यात एकतीस वर्षे घालवून ते निवृत्त झाले, मुलाने इअरफोन आणून दिले, आणि तेव्हापासून मोबाईलवर त्यांची एकशे चौदा पुस्तके ऐकून झाली. (नोकरीत असताना वाचलेली पुस्तके : दोन. पैकी एक कारखान्याचे पोटनियम.) प्रत्येक पुस्तकाखाली ते अभिप्राय नोंदवत :

"निवेदकाचा आवाज भारदस्त. मात्र खून झाल्याचे त्यांना मनापासून वाईट वाटलेले दिसत नाही. दोन तारे."

"निवेदिका प्रत्येक प्रकरणाआधी श्वास घेतात. त्यास हरकत नाही. तो आम्हास ऐकवू नये."

"निवेदक नायिकेचेही स्वतःच बोलतात. खात्री पटत नाही."

अशातच घरात निवेदिका निघाली. सूनबाई रेश्मा, माहेर बेलापूर, बी. ए. मराठी. पुण्याच्या एका कंपनीने तिला एक कादंबरी प्रायोगिक तत्त्वावर वाचायला दिली. ताऱ्यांची सरासरी चारच्या वर गेली तर पुढची बारा पुस्तके तिची. नाही तर धन्यवाद. धान्याच्या खोलीत चार गोधड्या टांगून, पंखा बंद करून, शेजारच्या कुत्र्याच्या सवडीने तिने सात तास बारा मिनिटे वाचले. (हे करायला सगळा उन्हाळा गेला. वजनही साडेतीन किलो गेले.)

पुस्तक आले तसे तिच्या नवऱ्याने, रविराजने, सूत्रे हाती घेतली. त्याला सोसायटीच्या निवडणुकीचा अनुभव होता. भावकी, बेलापूरचे पाहुणे, डेअरीवर दूध घालणारे, अशा गावनिहाय याद्या झाल्या.

"ऐकायची गरज न्हाई," तो ज्याला त्याला चहा पाजून सांगे, "निस्ता पाचवा तारा दाबायचा."

वार्षिक सभेत अहवाल वाचण्याआधीच 'मंजूर, मंजूर' ओरडणाऱ्या मंडळींना हे जड गेले नाही. दोन दिवसांत दोनशे अकरा जणांनी पाच-पाच तारे दिले.

बिभीषणरावांनी मात्र पुस्तक ऐकले. शेवटपर्यंत. दोनदा. (लग्नाला सहा वर्षे झाली होती, सूनबाई त्यांच्यासमोर एकूण मिळून इतके बोलली नव्हती.) मग त्यांनी नोंदवले :

"निवेदिका जीव ओतून वाचतात. पाचव्या प्रकरणात आई जाते, तेथे आम्ही पुस्तक थांबवून अंगणात जाऊन आलो. तथापि रागाच्या जागी आवाज दबतो, जणू घरात कोणी ऐकत आहे. तीन तारे."

त्यांच्या पत्नी रतनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सुनंला तीन? परक्या बायांना चार-चार देता की!"

"घरच्यांना झुकतं माप दिलं की संस्था बुडते," बिभीषणराव म्हणाले. (त्यांच्या कारखान्याचे नऊ संचालक एकमेकांचे साडू, मेहुणे व भाचे होते; परंतु गुणवत्तेवर.)

"आन् घर बुडाल्यावर वो?"

हा मुद्दा इतिवृत्तात आला नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. नियम क्रमांक अकरानुसार, ज्यांनी पुस्तक शेवटपर्यंत ऐकले त्यांचेच तारे धरले जातात. प्राप्त अभिप्राय दोनशे बारा. ग्राह्य : एक. सरासरी : तीन. धन्यवाद.

रविराज बापावर भडकला. रतनबाईंनी बिभीषणरावांपुढचा चहाचा कप भरलेलाच उचलला. रेश्मा तेवढी दाराशी उभी राहिली.

"मामा, तुम्ही सगळं ऐकलंत?"

"दोनदा."

"आणि पाचव्याला खरंच अंगणात गेलात?"

"गेल्तो."

तिने सासूच्या हातातला कप घेऊन पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. मग ती नवऱ्याकडे वळली. त्याने किती मिनिटे ऐकले होते, हे तिने त्याला अशा आवाजात विचारले की डेअरीवरची रांग मागे वळून पाहू लागली. बिभीषणराव समाधानाने चहा प्याले.

सुजाण वाचकांना रेश्माबद्दल हळहळ वाटली असेल. वाटायलाच हवी. कंपनीने ते पुस्तक अद्याप काढलेले नाही. सात तास बारा मिनिटेच आहे. पण तुम्हाला एवढा वेळ कुठला? तुम्ही आपले पाच तारे देऊन टाका.