दयारामकाकांचे दात

आमच्या शेजारचे धानाचे व्यापारी दयारामकाका मालाची पारख दातांनी करायचे. पवनीच्या बाजारात पोतं उघडलं की चिमूटभर धान तळहातावर चोळायचं, एक दाणा समोरच्या दातांत धरायचा आणि डोळे मिटायचे. कट्ट वाजलं तर माल वाळलेला. दबला तर, "ने गा घरी, अजून दोन दिवस ऊन दाखव!" पोरानं नागपूरहून ओल मोजायचं यंत्र आणून दिलं, ते खोक्यातच. "यंत्राले काय समजते?" विषय संपला.

अन् अशा माणसाचे दात झिजावेत! थंड पाणी लागलं की मस्तकात कळ जायची. दाणा चावला की डोळ्यांत पाणी. धंद्यातली सारी अब्रू त्या दातांवर, म्हणून काका कोणाला सांगेनात. शेवटी मीच त्यांना भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरणीकडे ओढत नेलं.

"धानानंच झिजले," काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच निदान केलं.

तिनं तोंडात आरसा फिरवला. "दाणा समोरच्या दातांनी चावता ना? मग दाढा कशा सपाट झाल्या? सकाळी जबडा दुखतो? काका, तुम्ही झोपेत दात खाता."

"मी? उंदीर हाव का मी?" काका भडकले.

"घरात कोणी सांगितलं नाही कधी?"

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात काका एकटेच. ते हळूच म्हणाले, "आमची बुढी हलवून उठवे मले. कूस बदला म्हणे. मी तिच्यावरच खेकसो."



डॉक्टरणीनं झिजलेल्या जागा भरल्या, माप घेऊन झोपताना दातांवर बसवायची प्लेट करून दिली. प्लेट दात वाचवेल, पण दाणे चावणं बंद, सुपारी बंद, मनावर ताण नको. आणि आवाज येतो का, हे कोणाला तरी ऐकायला सांगा, म्हणाली.

प्लेट मिळाली त्याच संध्याकाळी काका काखेत वळकटी घेऊन आमच्या ओसरीत हजर. "आठ दिवस इथंच झोपतो. दात वाजले का उठव मले."

त्याला आता दीड महिना झाला. बाजारात काका यंत्र लावतात आणि त्यातल्या आकड्याकडे संशयानं बघतात. थंड पाणी गटागटा पितात. सकाळी चहा घेताना मात्र न चुकता विचारतात, "काहून गा, वाजले का रात्री? नाही वाजले तं घरी जातो."

गेल्या पंधरा दिवसांत एकदाही वाजले नाहीत.

"वाजले थोडेसे," मी सांगतो.

"थोडेसे कायले?" आतून बायको ओरडते, "चांगलेच वाजले!"