दोन्ही अंगठे एका अंगाले

किसनराव भोयर जमादारांच्या घरी एका हाताने चहा प्यायला बंदी होती. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीला हे ठाऊक होतं, पण नवखा माणूस कपाच्या कानात बोट घालून मोकळा व्हायचा. मग जमादार खुर्चीतून पुढे सरकत. "कप खाली ठेव गा. आता दोन हातांनी उचल. अंगठा मागं नाही, बाजूले. हां, दोन्ही अंगठे एका अंगाले." कपाखाली बशी नसायची. कोणी मागितलीच तर "चांदमारीवर बशी नेते काय कोणी?" असा उलटा सवाल. गणपतीची वर्गणी मागणारी मंडळी, पोस्टमन, खुद्द डॉक्टर, कोणीही यातून सुटलं नव्हतं.

चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. पोलिसातल्या शिपायांना तिथे पिस्तूल धरायला शिकवण्यात जमादारांची हयात गेली. ते निवृत्त झाले, पण मैदान डोक्यातून निवृत्त झालं नाही. छत्री असो, तांब्या असो, त्याची आधी पकड व्हायची आणि मग उपयोग. बाजारात दुधी घेताना ते तो दोन हातांत धरून विजेच्या खांबावर नेम धरत. माणसावर मात्र दुधीसुद्धा रोखत नसत.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो सासऱ्यांमुळे. ते खाप्याचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी गेली, पिस्तूल राहिलं. मुलगा नाही, म्हणून ते रीतसर माझ्या नावावर करायचा त्यांनी घाट घातला. मी पाटबंधारे खात्यात कारकून. मारण्याच्या नावाने मी आजवर फक्त शिक्के मारलेले. बायकोने अट घातली, "जमादारकाका पास म्हणतील तवाच ते माझ्या घरात येईन. खिळा ठोकताना तुमची बोटं कुठं असतात ते मले माहीत आहे."

झालं. रोज संध्याकाळी जमादारांच्या ओसरीत माझी शिकवणी सुरू झाली. पिस्तुलाचं नावही नाही, नुसता कप.

"उजवी मूठ जितकी वर जाते तितकी वर ने. डावी तिच्याभोवती गुंडाळ, मधात फट नको. अन् काहून गा, अंगठा कुठं चालला तुझा?"

माझा डावा अंगठा दर वेळी उजव्या हाताच्या मागून आडवा जायचा. जमादार मग आपल्या अंगठ्याच्या बेचक्यातला जुना व्रण दाखवत. "पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग गोळी सुटली का सपकन मागं येते. मधी अंगठा असला तं तो कोणाचा आहे हे विचारत नाही. मी जवानीत शिकलो, तू कपावर शीक."

आम्हा दोघांच्या शेजारी जमादारांच्या पत्नी, काकू, बसलेल्या असत. वर्षभरापूर्वीच्या मोठ्या आजारातून त्या उठल्या होत्या. मध्यंतरी माणसांत येणंच त्यांनी सोडलं होतं, आता चहापुरत्या येऊन बसत, बोलत मात्र नसत. जमादार त्यांच्याकडे बोट दाखवत, "हिची पकड पाहा. अख्ख्या पलटणीत अशी पकड नव्हती." काकू खाली बघून हसत आणि दोन हातांत धरलेला कप ओठाला लावत.

शेवटी एका रविवारी सासरे पिस्तूल घेऊन आले आणि आम्ही चांदमारीवर गेलो. "रिकामंच आहे," सासरे म्हणाले. जमादारांनी ऐकून घेतलं, मॅगझिन काढलं, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून आत पाहिलं, मला पाहायला लावलं. मग स्वतः एक गोळी भरून हातात दिलं. "तोंड निशाण्याकडं. बोट घोड्याच्या बाहेर. मी सांगीन तवा आत." कपाची सवय अशी, की अंगठे आपोआप शेजारी शेजारी जाऊन बसले. गोळी निशाण्याला सोडून मागच्या मातीच्या ढिगात गेली.

"पास?" मी विचारलं.

"अंगठे पास, निशाणा नापास. घरात ठेवाले अंगठे पुरतात."

दुसऱ्या दिवशी गुरुदक्षिणा म्हणून मी संत्राबर्फी घेऊन निघालो, तर बसथांब्याजवळच्या चहाच्या दुकानात जमादार एकटेच दिसले. एका हातात बशी. डोळे मिटून मस्त भुरका मारून राहिले होते. मला तर घबाडच सापडलं.

"काय जमादार, पकड कुठं गेली?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "बस गा."

माझ्या हातातला बर्फीचा पुडा बाजूला ठेवत ते म्हणाले, "लकव्याचा झटका आल्यापासून हिचा उजवा हात थरथरते. डावा लावल्याबिगर कप उचलतच नाही. एकदा पाहुण्यायसमोर बशी वाजली, चहा लुगड्यावर सांडला. तवापासून कोणी आलं का ही आत. मी म्हटलं, एकीनं दोन हात लावले तं लोक पाहतात. सगळ्यायनंच लावले तं कोण पाहते?" मग बशी पुन्हा उचलली. "पण मले बशीतल्याबिगर चहा गोड लागत नाही गा. घरी सांगू नको."

चेष्टेचे चार शब्द जिभेवर तयार होते, ते मी गिळले आणि त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन मी बर्फी द्यायला त्यांच्या घरी गेलो. चहा आला. सासऱ्यांनी मालगुजारी थाटात एका हाताने कप उचलला आणि म्हणाले, "बशी नाही काय?"

जमादार पुढे सरकले. पण त्यांच्या आधीच काकूंचा आवाज आला, "बशी नाही भेटत जी इथं, मालगुजार. दोन हात लावा. अन् अंगठे एका अंगाले."

सासऱ्यांनी मुकाट्याने दुसरा हात लावला. काकूंनी त्यांचे अंगठे नीट निरखून पाहिले आणि मान डोलावली.

जमादार पुन्हा खुर्चीत मागे टेकले. मग कप दोन हातांनी उचलून त्यांनी तो बशीविना चहा मिटक्या मारत संपवला.