कोणतं हार्ड, वहिनी?

चार एप्रिल, १९५७. अंगणातल्या खाटेवर कुरडया घालत होते. चीक घट्ट झालेला, सोऱ्या फिरेना. "फारच हार्ड झालाय मेला," मी म्हणाले आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "कोणतं हार्ड, वहिनी?"

पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत बायकांच्या तोंडीही इंग्रजी शब्द बसले होते, पण हार्ड म्हणायची चोरी. शेजारचे जोगळेकर भावजी, स्टोअरकीपर, विधुर, लगेच निवाडा करत. लोखंड हार्ड असेल तर जर्मनमध्ये 'हार्ट'. गणित हार्ड असेल तर 'श्वेर'. कुणी हार्ड मेहनत करत असेल तर तो 'फ्लायसिख'.

"इंग्रज आळशी हो. मीठ, साखर, सोडा, सगळं एकाच बरणीत. जर्मन माणूस बरण्या वेगळ्या ठेवतो."

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दोनच बरण्या, त्यातली एक रिकामी.

ही विद्या यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन साहेबांकडून मिळवलेली. साहेब म्हणजे भावजींची खासगी मालमत्ता. पण साहेबांना माझी काकडीची कोशिंबीर आवडली आणि ते रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. भावजी न बोलावता हजर. साहेबांनी पोटावरून हात फिरवला, की भावजी सांगणार, "पोट भरलं म्हणताहेत."

"दिसतंय मला."

"दिसतं, पण कळत नाही."

एकदा साहेबांनी खुणेनंच मला काही सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो, तर भावजी ताट अर्धवट टाकून उठले. आठवडाभर कुंपणापाशी फिरकले नाहीत. मी मुद्दाम मोठ्यानं 'हार्ड' म्हणून पाहिलं. भावजींनी खिडकी लावून घेतली.

तर त्या कुरडयांच्या दिवशी, दिवे लागल्यावर, भावजी वाटी घेऊन दारात उभे.

"वहिनी, विरजण हवंय."

"दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, ठाऊक नाही का? आणि तुम्ही कधीपासून दही लावायला लागलात?"

"उद्या सकाळी साहेब मायदेशी निघालेत. हातावर दही घालायला हवं ना. परत यायला."

"मी लावलंय की. मी घालीन."

त्यासाठी सायीचं दूध मी सकाळीच बाजूला काढलं होतं. हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचा माझा विचार नव्हता.

"तुम्हीच घालणार," ते वाटीत बघत म्हणाले. "जेवायलाही तुम्हीच घातलंत. मी आपला नुसता बोलत राहिलो." मग म्हणाले, "उद्याचं हार्ड आहे जरा."

"कोणतं हार्ड, भावजी?" त्यांचंच त्यांना परत केलं.

"जड जातंय, वहिनी," ते सरळ मराठीत म्हणाले आणि रिकामी वाटी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जीप यायच्या आधी, मी दह्याची माझी वाटी नेऊन त्यांच्या हातात ठेवली. "सांडू नका. आणि 'या' म्हणा, 'जा' नको." वाटीवर माझं नाव कोरलेलं आहे. देताना ती बाजू त्यांच्या अंगठ्याखाली जाईल अशी फिरवली.